महापालिकेचं पहिलं मतदान: चार जागांसाठी चार उमेदवार कसे ठरवले

30 जून 2021 रोजी पुण्याभोवतीची 23 गावं महापालिकेत आली. त्यांतलं सिंहगड रस्त्याकडचं एक गाव आमचं. ग्रामपंचायत गेली, पण तिच्या जागी नगरसेवक काही मिळाला नाही. महापालिकेची मागची निवडणूक 21 फेब्रुवारी 2017 ला झाली होती आणि तेव्हा आम्ही हद्दीबाहेर होतो. त्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला रखडलेल्या निवडणुका घ्यायचा आदेश दिला, तारखा पुढे गेल्या आणि अखेर 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. म्हणजे महापालिकेला कर भरायला लागून साडेचार वर्षं झाल्यावर आम्हाला पहिल्यांदा तिथे आपला माणूस पाठवायची संधी मिळाली.

मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम पाहते. राजकारणाशी माझा संबंध मतदानापुरताच. आतापर्यंत लोकसभा-विधानसभेला मत देताना फार डोकं लावावं लागलं नव्हतं आणि ग्रामपंचायतीला तर उमेदवार रोज समोर दिसायचे. या वेळी मात्र नेमकं काय बघून ठरवायचं, हेच कळेना. बहुतेक प्रभागांत चार जागा, आमच्याकडेही तशाच, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची आणि प्रभाग एवढा मोठा की 2011 च्या जनगणनेनुसारसुद्धा सरासरी लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर. प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला मी कधी पाय ठेवला नव्हता, आणि तिथल्या माणसालाही मला मत द्यायचं होतं. आमच्यासारख्या गावांमधून अनेकांनी नंतर विचारलं की तू कसं ठरवलंस, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. पक्षांची आणि उमेदवारांची नावं लिहीत नाही. ज्याला जो पक्ष पटतो त्याने तो बघावा.

सुरुवात मतदार यादीपासून झाली. प्रारूप यादी 20 नोव्हेंबरला आली. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधलं, तर माझं आणि नवऱ्याचं नाव होतं, सासूबाईंचं मात्र शेजारच्या प्रभागात गेलेलं. एकाच घरातली तीन माणसं, पत्ता एकच, तरी हे असं. हरकतीची मुदत आधी 27 नोव्हेंबर होती, ती नंतर 3 डिसेंबरपर्यंत वाढली. आमच्या इमारतीत अशी आणखी काही नावं निघाली, तेव्हा आम्ही सगळ्यांचे अर्ज एकत्रच भरले. ठरावीक नमुन्यातला अर्ज, मतदार ओळखपत्राची आणि आधारची झेरॉक्स, पत्त्यासाठी वीजबिल. खर्च झाला तो झेरॉक्सचा आणि रिक्षाचा. अर्ज देताना पोच मागून घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का आहे ना ते तिथेच पाहा. आम्हाला पहिल्या खिडकीवरून दुसरीकडे, तिथून पुन्हा पहिलीकडे पाठवलं गेलं, अर्धा दिवस गेला, पण पोच हातात होती म्हणून नंतर फोनवर नीट बोलता आलं. डिसेंबरात एक कर्मचारी घरी येऊन पाहणी करून गेले आणि अंतिम यादीत सासूबाई आमच्याच प्रभागात आल्या.

एक गोष्ट आधी माहीत असू द्या. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 पर्यंतची विधानसभेची यादी धरली होती. माझा भाचा ऑगस्टमध्ये अठरा वर्षांचा झाला, त्याला या वेळी मत नव्हतं. बिचारा खूप हिरमुसला. घरात कोणी अठराच्या उंबरठ्यावर असेल, तर निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आधीच नोंदणी करून टाका.

तोवर गावात वातावरण तापलं होतं. 11 नोव्हेंबरला आरक्षणाची सोडत झाली. पुण्यात एकूण 165 जागा, त्यांतल्या 83 महिलांसाठी, म्हणजे चार जागांच्या प्रत्येक प्रभागात दोन महिला. आमच्याकडे ‘अ’ जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गाची, ‘ब’ आणि ‘क’ महिलांच्या, ‘ड’ सर्वसाधारण. सोडतीच्या आदल्या दिवसापर्यंत ज्या फ्लेक्सवर दादांचा फोटो होता, तिथे दोन दिवसांत वहिनींचा आला. देवदर्शनाच्या बस निघाल्या, पैठणीच्या खेळात दुचाकीची बक्षिसं लागली. आमच्या कामवाल्या मावशी एका बसने जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “ताई, जाऊन आले, पण मत काय बसला देणार नाही.” त्यांचं मत आमच्याच प्रभागात आहे आणि पुढे त्यांच्या बोलण्याचा मला बराच उपयोग झाला.

निवडणूक जाहीर झाली 15 डिसेंबरला. अर्ज 23 ते 30 डिसेंबर, छाननी 31 ला, माघार 2 जानेवारी, चिन्हं आणि अंतिम यादी 3 जानेवारी, जाहीर प्रचार 13 ला संध्याकाळी बंद. युती-आघाडीची बोलणी शेवटपर्यंत चालली आणि कोणाला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळाला हे अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळलं. म्हणजे मतदाराच्या हातात खरे उमेदवार आले ते 3 जानेवारीला आणि त्यानंतर निवडायला जेमतेम दीड आठवडा. म्हणून माझा आग्रह आहे की उमेदवार कोण हे कळायच्या आधीच, आपल्याला त्यांच्याकडून काय हवंय हे पक्कं करून ठेवावं. मी नाताळच्या सुट्टीत तेवढं केलं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

आमच्या भागाचा प्रश्न एकच, पाणी. 2025 च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ती आमच्याच पट्ट्यात. चालतीबोलती माणसं हातापायातली ताकद जाऊन अतिदक्षता विभागात पोचली. दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, केंद्राचं पथक आलं, पाण्याचे नमुने घेतले गेले, खासगी आरओ प्रकल्पांवर कारवाई झाली. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा कित्येक आठवडे रुग्णालयात होता. तेव्हापासून आमच्या घरात पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. त्यातून उन्हाळा आला की टँकर, आणि दहा हजार लिटरच्या टँकरला हजार-बाराशेच्या वर मोजावे लागतात. कर महापालिकेला आणि पाण्याचे पैसे टँकरला, असं आमच्या सोसायटीचं अंदाजपत्रक चालतं.

पण पाणी पाहिजे एवढं म्हणून भागत नाही. नगरसेवकाच्या हातात काय असतं, हे मी शोधायला घेतलं. कंपनीतले एक सहकारी पूर्वी एका माजी नगरसेवकाच्या कार्यालयात काम करायचे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला हे नीट समजावून सांगितलं. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, स्थायी समितीत 16 जण असतात, तिथून ते मुख्य सभेत जातं. 2025-26 चं पुण्याचं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. मोठी जलवाहिनी, टाकी, शुद्धीकरण केंद्र यांना या अंदाजपत्रकात तरतूद लागते, निविदेला स्थायी समितीची मान्यता लागते. नगरसेवक एकटा ते करू शकत नाही, पण तरतुदीसाठी भांडू शकतो, काम कुठे अडलंय ते विचारू शकतो, क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्याला जागेवर आणू शकतो. त्याच्या स्वतःच्या हातात असतात ‘स’ यादीतली कामं, म्हणजे प्रभागातली छोटी कामं. वीज महावितरणची, मेट्रो महामेट्रोची, पोलिसांचा तर संबंधच नाही. हे कळल्यावर पत्रकांतली अर्धी आश्वासनं आपोआप बाजूला पडली. गुन्हेगारी संपवू म्हणणाऱ्याला मी महापालिकेसाठी मत का द्यावं?

सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. प्रभागात चार नगरसेवक असले की काम चौघांचं असतं आणि जबाबदारी कोणाचीच नसते. एक म्हणतो तो भाग त्यांच्याकडे आहे, दुसरा म्हणतो ते काम मी सुचवलंच नव्हतं. चौघं एका पक्षाचे असले तरी निवडून आल्यावर भाग वाटून घेतात आणि आमच्यासारखं कडेचं गाव कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्यामुळे पॅनल टू पॅनल, म्हणजे चारही मतं एकाच गटाच्या चौघांना, द्या असं जेव्हा कोणी सांगतं, तेव्हा विचारायचं की या पॅनलमधला आमच्या गावाचा माणूस कोणता?

यातून तीन प्रश्न तयार झाले. आमच्या भागाला शुद्ध केलेलं पाणी येण्याचं काम सध्या नेमकं कुठे अडलंय? निवडून आलात तर आमच्या गावाची कामं चौघांपैकी कोणाकडे असतील? आणि ‘स’ यादीतला पहिल्या वर्षाचा पैसा कशावर घालाल? हेच तीन प्रश्न, याच क्रमाने, सगळ्यांना. हिशेबाच्या कामामुळे मला एकाच रकान्यात सगळ्यांची उत्तरं बघायची सवय आहे, म्हणून एक जुनी वही घेतली आणि पान आडवं करून तक्ता आखला.

उमेदवार कळल्यावर आधी शपथपत्रं वाचली. ती आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. काही हाताने लिहिलेली, काही वाकडी स्कॅन केलेली, मोबाइलवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून माझ्यापुरती महत्त्वाची पानं छापून घेतली. शपथपत्रात शिक्षण, व्यवसाय, स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, शासकीय थकबाकी आणि गुन्ह्यांची माहिती असते. वाचताना एक लक्षात आलं की गुन्ह्यांचा आकडा पाहून निकाल लावू नये, कलमं बघावीत. ‘अ’ जागेवरच्या एका तिशीतल्या उमेदवारावर दाखवलेले गुन्हे जुन्या दंडविधानाच्या 143 आणि 188 कलमांखालचे होते, म्हणजे जमाव जमवणं आणि आदेश मोडणं. चौकशी केली तर ते पाण्यासाठीच्या आंदोलनातले निघाले. त्याच जागेवरच्या दुसऱ्यावर एकच गुन्हा होता, पण 420 खालचा, फसवणुकीचा. आकडा पाहिला असता तर मी उलटा निष्कर्ष काढला असता. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, आरोप निश्चित झालेत का, हेही त्यात लिहिलेलं असतं. तेही वाचा, कारण नुसता गुन्हा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे.

जो पूर्वी निवडून आलेला आहे, त्याचं मागचं शपथपत्र मिळालं तर शेजारी ठेवून बघावं. ‘ड’ जागेवरचे एक उमेदवार शहराच्या जुन्या भागातून आधी निवडून आलेले होते. त्यांची मालमत्ता वाढली होती, पण जमिनीचे भाव या भागात ज्या वेगाने वाढलेत ते पाहता त्यावरून मला काही ठरवता आलं नाही. मी त्यांचा तो रकाना कोरा ठेवला आणि त्यांच्या उत्तरांची वाट पाहिली.

याच आठवड्यात सोसायटीत मोठा वाद झाला. एका पॅनलकडून निरोप आला होता की सगळ्या सोसायटीने एकगठ्ठा मतदान करावं, ते पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून इमारतीला रंग लावून देतील. समितीतल्या काहींना ते पटलं होतं. रंगाचं काम दोन वर्षं रखडलंय, देखभालीत पैसे नाहीत आणि एवीतेवी मत कोणाला तरी द्यायचंच आहे, असं त्यांचं म्हणणं. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सभेत मी उभी राहिले, आवाज कापत होता, पण बोलले. म्हटलं, रंग एकदा लावतील, पाणी पाच वर्षं लागणार आहे. आज ज्याच्याकडून रंग घेऊ त्याला उद्या पाण्याचं विचारायला तोंड राहणार नाही. आणि हे आचारसंहितेत बसतं का, हेही एकदा विचारा. मागच्या बाकावरून सोसायटीतले निवृत्त शिक्षक आजोबा म्हणाले, “बोलवा ना सगळ्यांना इथे. ज्याला यायचं तो येईल.” त्या एका वाक्याने सभा वळली. रंगाचा विषय मागे पडला आणि चारही जागांच्या सगळ्या उमेदवारांना, पक्षाचे असोत की अपक्ष, सोसायटीच्या मोकळ्या जागेत अर्धा तास बोलायला बोलवायचं ठरलं. खुर्च्या आमच्याच, माइक आमचाच, चहाही आमचाच. ज्यांचा निरोप होता तेही आले, नाराजी न दाखवता आले, ही त्यांची चांगली बाजू.

सगळे आले नाहीत. जे आले त्यांच्यात फरक लगेच दिसला. काही जण भाषण करून, तिळगुळाची पुडी देऊन निघाले. ‘क’ जागेच्या एका उमेदवार बाईंच्या वतीने त्यांचे पतीच बोलत होते. मी प्रश्न विचारला तो थेट बाईंकडे बघून. पती उत्तर द्यायला लागले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या सासूबाई म्हणाल्या, “अहो, तिला बोलू द्या की, मत तिलाच द्यायचंय.” बाई क्षणभर थांबल्या आणि मग बोलल्या. त्या ग्रामपंचायतीत सदस्य होत्या, गावात कोणत्या गल्लीत कोणत्या व्हॉल्व्हवरून पाणी सोडतात, कोणत्या गल्लीला कमी दाबाने येतं, हे त्यांना पाठ होतं. मोठ्या जलवाहिनीबद्दल त्यांना फारसं माहीत नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं. पतींपेक्षा त्या कितीतरी चांगलं बोलल्या. फ्लेक्स पाहून मी त्यांचं नाव जवळजवळ खोडलं होतं, ते त्या संध्याकाळी वर आलं.

‘ब’ जागेवर एक निवृत्त आरोग्य सेविका उभ्या होत्या, अपक्ष. बरोबर दोनच माणसं. त्यांनी पिशवीतून क्लोरोस्कोपची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची, छोटी पेटी काढली आणि म्हणाल्या, आधी पाणी बघू. सोसायटीच्या टाकीतलं पाणी एका काचनळीत, त्याच दिवशी आलेल्या टँकरचं दुसऱ्या नळीत घेतलं. दोन्हींत पेटीतल्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकले, नळ्या हलवल्या आणि पेटीतल्या रंगांच्या खुणांशेजारी धरल्या. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीतलं पाणी अगदी फिकट पिवळं झालं. टँकरचं तसंच राहिलं, स्वच्छ, पारदर्शक. बघायला तेच जास्त चांगलं दिसत होतं. बाई म्हणाल्या, “हे जे स्वच्छ दिसतंय ना, त्यात जंतू मारायला काहीच नाही. हे उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका.” पेटी आणि द्रावण काही शे रुपयांत मिळतं, महिन्यातून दोनदा सोसायटीने स्वतः बघावं, वहीत लिहावं आणि शून्य आलं की त्याच दिवशी तक्रार करावी, असंही त्यांनी सांगितलं. मतं मागायचं त्या बहुधा विसरल्याच. ‘ब’ जागेचं माझं मत तिथेच ठरलं.

त्यावरून घरात चर्चा झाली ती मात्र खरी अवघड. नवऱ्याचं म्हणणं, अपक्षाला मत म्हणजे वाया, 165 जणांच्या सभागृहात एकट्या बाईंचं कोण ऐकणार, निधी सत्ताधाऱ्यांच्या नगरसेवकांनाच मिळतो. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माझं मत असं पडलं की चार मतं आहेत, चारही एकाच हिशोबाने द्यायची गरज नाही. एक जागा प्रश्न विचारणाऱ्याला, एक गाव जाणणाऱ्याला, एक स्थायी समितीचं काम समजणाऱ्याला, असं वाटून देता येतं. चार जणांच्या प्रभागाचा तोटा सगळे सांगतात, मतदाराला हा एवढा एक फायदा आहे. नवऱ्याने तीन जागा एका पक्षाला आणि ‘ब’ बाईंना दिली, असं त्यानेच नंतर सांगितलं.

‘ड’ साठी मी शेवटपर्यंत अडले. माजी नगरसेवकांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत नेमकं दिलं. जलवाहिनीचं काम कोणत्या टप्प्यावर आहे, कुठल्या जागेच्या ताब्यासाठी थांबलंय, हे त्यांनी कागद न बघता सांगितलं. पण आमचं गाव कोणाकडे असेल, या प्रश्नावर ते आपण सगळे एकत्र काम करू एवढंच म्हणाले. दुसरे उमेदवार, गावातलेच इंजिनिअर, म्हणाले की गावाची जबाबदारी माझी, लिहून घ्या. पण काम कुठे अडलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. कामवाल्या मावशींना विचारलं. त्या राहतात त्या वस्तीत ड्रेनेज तुंबलं होतं तेव्हा, निवडणूक दूर असताना, कोण आलं होतं? त्यांनी इंजिनिअरचं नाव घेतलं. माजी नगरसेवक पूर्वी ज्या भागातून निवडून यायचे तिथल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, फोन उचलतात, उशिरा का होईना पण काम करतात, फक्त मागे लागावं लागतं. दोन्ही बाजूंनी चांगलंच ऐकू आलं आणि निवड आणखी कठीण झाली. हे लोक आपल्याशी आज गोड बोलणारच, म्हणून जिथे निवडणूक नव्हती तेव्हाचं वागणं विचारायचं, ही युक्ती मात्र कोणालाही वापरता येईल. रिक्षावाले, इस्त्रीवाले, अंगणवाडीच्या ताई, यांना सगळं माहीत असतं.

14 तारखेला संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत तोच विषय. कोणी म्हणालं नोटा दाबायचा, पण मी ठरवलं की जिथे खरंच कोणी योग्य वाटत नसेल तिथेच तो दाबावा, आळसापोटी नको. रात्री वही उघडली. ‘अ’ ला आंदोलनवाला मुलगा, ‘ब’ ला आरोग्य सेविका, ‘क’ ला व्हॉल्व्ह पाठ असलेल्या बाई. ‘ड’ ला माजी नगरसेवक. इंजिनिअरवर माझा राग नव्हता, पण गाव जाणणारी माणसं मी दोन जागांवर निवडली होती, आणि अंदाजपत्रक ज्याला वाचता येतं असा एक तरी माणूस आमच्याकडून जायला हवा होता.

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. आम्ही सासूबाईंना घेऊन लवकर गेलो. केंद्राबाहेर उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा लावलेला होता. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून एकाने बाहेर थांबायचं आधीच ठरवून ठेवा. आत चार जागांच्या मतपत्रिका चार रंगांत होत्या: ‘अ’ पांढरी, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळी, ‘ड’ फिकट निळी. नावं बरीच असल्यामुळे यंत्रं एकाला एक जोडून ठेवलेली होती. एक बटण दाबलं की त्या उमेदवारासमोरचा दिवा लागतो, पण मोठा आवाज येतो तो चारही मतं दिल्यावरच. पुष्कळ लोक एक बटण दाबून आवाजाची वाट पाहत उभे होते, एक आजोबा तर दोन मतं देऊन निघाले होते, त्यांना अधिकाऱ्यांनी परत बोलावलं. घरातल्या ज्येष्ठांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा. सासूबाईंना मी कागदावर चार चौकोन काढून रंगांचा क्रम दाखवला होता. मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते, त्यामुळे दिवा लागलेला नीट बघायचा. रांग तासाभराची होती, ज्येष्ठांना वेगळी सोय होती.

16 ला निकाल. मी निवडलेल्या चारांपैकी ‘अ’ आणि ‘ड’ आले, ‘ब’ आणि ‘क’ पडल्या. आरोग्य सेविका बाई हरल्याचं मनाला लागलं. पण आमच्या केंद्रावर त्यांना मिळालेली मतं पाहून बरं वाटलं. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, “पेटी आणलीत का?” आणली होती. सोसायटीच्या सचिवांकडे ती आता असते आणि नोंदी आमचे निवृत्त शिक्षक आजोबा ठेवतात.

निकालानंतरच्या आठवड्यात मी चारही नव्या नगरसेवकांना, ज्यांना मत दिलं नव्हतं त्यांनासुद्धा, एकच पत्र दिलं. सभेत कोणी काय उत्तर दिलं होतं ते तारखेसह, खाली सोसायटीतल्या रहिवाशांच्या सह्या. जे सभेला आले नव्हते त्यांना तेच तीन प्रश्न नव्याने विचारले. दोघांनी उत्तर दिलं. ‘अ’ जागेवरच्या तरुणाने क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन येऊन टाकी पाहिली आणि आमच्या गावाची पाण्याची कामं आपल्याकडे असतील असं लेखी दिलं. ‘ड’ जागेवरच्यांनी जागेच्या ताब्याचं प्रकरण कोणत्या विभागाकडे आहे ते कळवलं. बाकी दोघांना स्मरणपत्र पाठवलं आहे.

आता पुढचं काम अंदाजपत्रकाचं. पुण्यात 2006 पासून नागरिकांना प्रभागातली कामं सुचवता येतात, पाच लाखांपर्यंतची, आणि अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. आमच्या यादीत दोन कामं आहेत: मावशींच्या वस्तीतलं ड्रेनेज आणि गावाच्या शेवटच्या गल्लीतला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हची नेमकी जागा ‘क’ जागेवर हरलेल्या बाईंनी येऊन दाखवली, खुणेचा दगडही त्यांनीच लावून दिला.